सोयाबीनमधल्या फॉस्फोलिपिडची (फॉस्फेट जोडलेल्या स्निग्ध पदार्थांची) रासायनिक रचना काय असते, आणि पाण्याने गम (म्हणजे तेलातून वेगळी होणारी हीच फॉस्फोलिपिडं) काढूनही तेलात फॉस्फरस का उरतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे: फॉस्फेटला पुढे काय चिकटलंय.

कणा ग्लिसरॉलचा. त्याच्या पहिल्या कार्बनवर बहुधा पामिटिकसारखं संपृक्त आम्ल, दुसऱ्यावर बहुतेक वेळा लिनोलेइक, तिसऱ्यावर फॉस्फेट. फॉस्फेटला कोलीन जोडलं की फॉस्फॅटिडिलकोलीन (पीसी), इथेनॉलअमाइन जोडलं की फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन (पीई), इनॉसिटॉल जोडलं की फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल (पीआय). काहीच जोडलं नाही तर फॉस्फॅटिडिक आम्ल, म्हणजे पीए. गम सुकवून मिळतं ते लेसिथिन. तेल काढून टाकलेल्या लेसिथिनमध्ये ढोबळमानाने पीसी 20 ते 23 टक्के, पीई 16 ते 21, पीआय 12 ते 18, पीए 5 ते 10. बाकी ग्लायकोलिपिड, साखरा वगैरे. फॅटी आम्लांत निम्म्याहून जास्त लिनोलेइकच, त्यामुळे लेसिथिन लवकर खवट होतं.

क्रूड (शुद्ध न केलेल्या) तेलात फॉस्फोलिपिड दीड ते तीन टक्के. लॅबचा आकडा फॉस्फरसचा येतो, फॉस्फोलिपिड काढायला त्याला 30 ने गुणा: 700 पीपीएम (दशलक्षात 700 भाग) फॉस्फरस म्हणजे सुमारे 2.1 टक्के.

पीसी आणि पीआय पाणी धरतात, फुगतात आणि खाली बसतात. तेल 65-70 अंशांवर, पाणी साधारण गमच्या वजनाइतकं (2 टक्के गम असेल तर तेलाच्या 2 टक्के), अर्धा तास हळू ढवळणं, मग सेंट्रिफ्यूज. पाणी कमी पडलं तर गम चिकट होतो आणि नीट सुटत नाही. जास्त झालं तर इमल्शन बनून तेल गमबरोबर जातं. तापमान 80 च्या वर नेलं तर गम पुन्हा तेलात विरघळायला लागतो.

उरतात ते पीए आणि पीई यांचे कॅल्शियम-मॅग्नेशियम क्षार. ते पाणी धरत नाहीत. 100-200 पीपीएम फॉस्फरस राहतो तो प्रामुख्याने यांचाच. त्यासाठी फॉस्फोरिक किंवा सायट्रिक आम्ल (तेलाच्या 0.05 ते 0.2 टक्के) घालून धातू ओढून घ्यावा लागतो, मग पाणी. आम्लाने काढलेला गम मात्र लेसिथिनसाठी घेऊ नका, काळा पडतो. लेसिथिन विकायचं असेल तर आधी फक्त पाण्याचा गम वेगळा काढा आणि ओलावा 1 टक्क्याच्या आत येईपर्यंत व्हॅक्यूममध्ये सुकवा. आच वाढवली की पीईचं अमाइन साखरेशी भिडतं आणि रंग तपकिरी होतो.

उरलेल्या फॉस्फरसचा आकडा नेहमीपेक्षा जास्त येत असेल तर आम्लाचा डोस वाढवण्याआधी बी बघा. काढणीला पाऊस लागलेलं, फुटलेलं किंवा ओलं साठवलेलं सोयाबीन असेल तर फॉस्फोलायपेज डी हे एन्झाइम पीसीचं कोलीन तोडून पीए बनवतं. लातूरकडे ऑक्टोबरात पाऊस लांबला की हा धोका असतोच. अशा मालाला आम्ल जास्त लागतं आणि त्याचं लेसिथिनही हलक्या दर्जाचं निघतं.