जळगावात अहिराणी शेतीविषयक चॅनेलसाठी कॅमेरा हलला की मागचा सेटही हलेल असा स्वस्त व्हर्च्युअल स्टुडिओ करता येईल का?

येईल. सॉफ्टवेअरचा खर्च फारसा नाही, कारण सुरुवातीला अनरियल इंजिन, म्हणजे मागचा त्रिमितीय सेट उभा करणारं सॉफ्टवेअर, फुकटात चालतं. पैसा ग्राफिक्स कार्ड, कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं) आणि ट्रॅकिंगवर, म्हणजे कॅमेऱ्याची हालचाल टिपण्यावर, लावा. कॅमेऱ्यावर व्हाइव्ह ट्रॅकर (त्याची जागा आणि दिशा कळवणारं छोटं यंत्र) घट्ट बसवा आणि खोलीच्या कोपऱ्यांत उंचावर दोन बेस स्टेशन (ट्रॅकरसाठी इन्फ्रारेड किरण सोडणाऱ्या पेट्या) लावा. डोक्यावर घालायचा व्हीआर हेडसेट घ्यायची गरज नाही, ट्रॅकर चालवणाऱ्या स्टीमव्हीआर सॉफ्टवेअरच्या सेटिंग फाइलमध्ये 'रिक्वायर एचएमडी' (हेडसेट हवाच, ही अट) फॉल्स केलं की भागतं. ही यंत्रणा इन्फ्रारेडवर चालते, म्हणून आरसे, चकचकीत फरशी आणि खिडकीतलं ऊन टाळा, नाहीतर सेट थरथरतो.

खरी मेख वेळेच्या मेळात आहे. कॅप्चर कार्डातून चित्र काही फ्रेम उशिरा येतं, ट्रॅकरची माहिती मात्र आधीच पोहोचलेली असते. कॅमेरा झटक्यात फिरवून थांबवा. निवेदकाचे पाय फरशीवरून घसरल्यासारखे दिसले तर ट्रॅकिंगला एकेक फ्रेम उशीर देत जा, पाय जागेवर रुतेपर्यंत. ट्रॅकर आणि लेन्समधलं अंतरही मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरा. झूमचा मोह सोडा, तो नोंदवायला वेगळा एन्कोडर (लेन्सचं फिरणं मोजणारं यंत्र) लागतो.

निवेदकामागचा पडदा, ज्याचा रंग काढून कॉम्प्युटर तिथे सेट दाखवतो, तो निळा घ्या. हिरव्यासमोर केळीचं पान धरलंत तर पानच गायब होईल, आणि जळगावात केळीशिवाय शेतीचा कार्यक्रम कसला! दिवे एलईडीच, बंद खोलीत मे महिन्यात हॅलोजन म्हणजे भट्टी. कॉम्प्युटर आणि बेस स्टेशनला यूपीएस हवाच.