वेस्टर्न टॉयलेटवर टाकायची ती कागदी सीट कव्हरं खरंच उपयोगाची असतात का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा की आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत, त्यांना गाडीने धुळ्याहून पुण्याला न्यायचंय, खाली बसता येत नाही म्हणजे वाटेत कमोडच शोधावा लागणार, तर ते ऑनलाइन दिसतं ते कागदी सीट कव्हर घेऊ का, त्याने युरिन इन्फेक्शन टळतं का, की नुसता पैसे काढायचा धंदा आहे. घ्या. पण इन्फेक्शन टळावं म्हणून नका घेऊ, आई त्या सीटवर नीट टेकून बसाव्यात म्हणून घ्या. हे दोन्ही एकच वाटतं पण नाहीये, सांगते.

आमचं अमळनेरला मेडिकल आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आमचे मिस्टर, मी दुपारची काउंटरला असते. पूर्वी कोणी सीट कव्हर मागितलं असतं तर मी त्याला कारच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात पाठवलं असतं, आता लग्नसराईत आणि मे महिन्यात बऱ्यापैकी जातात. त्यात २०२२ ला माझ्या आईचे दोन्ही गुडघे बदलले, नाशिकला, मग चेकअपच्या फेऱ्या, त्यामुळे अमळनेर ते नाशिक रस्त्यावर कुठे कमोड आहे, कुठे नुसती पाटी आहे आणि कुठे कमोड आहे पण त्यात झाडू ठेवलाय हे मला टोलनाक्यांपेक्षा जास्त पाठ आहे.

आधी भीतीचं बोलू. सीटवर बसल्याने अमकं होतं तमकं होतं अशा गोष्टी आम्हा बायकांत खूप चालतात, दुकानात पण हळू आवाजात विचारतात. सीटला लागते ती मांडीची आणि मागची कातडी, आणि कातडी कुठे फाटलेली-चिरलेली नसेल तर तिच्यातून जंतू असा सहज आत जात नाही. गुप्तरोग पसरतात ते संबंधातून, सीटवरून नाही. आणि युरिन इन्फेक्शन बहुतेक वेळा ज्याच्यामुळे होतं तो ई. कोलाय जंतू ढाब्यावरून येत नाही, तो आपल्याच आतड्यात राहतो, तिथून पुढे सरकतो. बायकांची मूत्रनळी जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांची त्याच्या चार-पाच पट, म्हणून हा त्रास आम्हालाच जास्त. त्यामुळे धुताना पुढून मागे धुणं आणि हातांना साबण लावणं याला जेवढी किंमत आहे तेवढी त्या कागदाला नाही. जुलाब-उलटीचे जंतू पण हातावरूनच तोंडात जातात, म्हणजे खरी घाण जागा कडी, नळ, फ्लशचं बटण आणि तो जेट, आणि त्याला कोणी कव्हर घालत नाही.

प्रवासात इन्फेक्शन का होतं मग? कारण बायका पाणी पीत नाहीत. आमची आई घरून निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद करते, गाडीत बाटली पुढे केली की "माले पानी नको देजो, मंग उतरनं पडस" हे ठरलेलं. मे महिना, बाहेर ४३-४४, अमळनेरहून निघालो की चांदवडपर्यंत एक घोट नाही आणि लागली तरी दाबून धरायची. मग घरी आल्यावर दोन दिवसांनी उन्हाळी लागते, कळ येते, जळजळ होते, आणि दोष कोणाला तर त्या ढाब्याच्या टॉयलेटला! लघवी कमी झाली, तुंबून राहिली की जंतूंना वाढायला आयता वेळ मिळतो, एवढं साधं आहे ते. दुकानात उन्हाळीवर औषध मागायला येणाऱ्या बायकांना मी आधी विचारते की कुठे गावाला जाऊन आलात का, दहातल्या सहा-सात तरी हो म्हणतात. (आणि ताप, थंडी, पाठीत दुखणं असेल तर सिरप-बिरप न घेता डॉक्टरकडे जा हे पण सांगते, मिस्टर म्हणतात गिऱ्हाईक घालवतेस.)

आता दुसरी गंमत. सीटची किळस येते म्हणून बहुतेक बायका बसतच नाहीत, अधांतरी राहतात, गुडघे अर्धे वाकवून, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात साडी किंवा ओढणी. यावर इंग्लंडमध्ये अभ्यास झालाय, १९९१ चा, त्यात दवाखान्यात आलेल्या बायकांना विचारलं तर ८५ टक्के म्हणाल्या की बाहेरच्या टॉयलेटमध्ये आम्ही असंच करतो, आणि तसं अधांतरी केल्यावर धार कमी पडते आणि पिशवीत लघवी मागे उरते असं दिसलं. कारण मांड्या ताठ, पोट ताठ, मग खालचे स्नायू सैल कुठून पडणार. म्हणजे इन्फेक्शनच्या भीतीने जे करतो तेच इन्फेक्शनच्या सोयीचं. आणि तुमच्या आईंना तर अधांतरी हा प्रकार चालणारच नाही, नवीन गुडघ्यावर तसा भार घेऊन तोल गेला तर काय होईल विचार करा. म्हणून म्हणते, कव्हर घ्या. कागद टाकला की मन तयार होतं, माणूस टेकतो, सगळं नीट होतं. त्या कागदाचं खरं काम एवढंच, पण ते लहान काम नाहीये.

आता कोणतं घ्यायचं. ते कागदी असतं ते घडी घातलेलं, पोस्टकार्डाएवढं, उघडलं की पतंगाच्या कागदासारखं पातळ, मधला अंडाकृती भाग तीन बाजूंनी सुटतो आणि एका बाजूला चिकटून राहतो. ती जीभ फाडून फेकायची नसते, ती पुढच्या बाजूने भांड्यात लोंबती सोडायची, फ्लश केलं की पाणी तिला ओढतं आणि तिच्या मागे सगळा कागद जातो, हात लावायला नको. आम्ही पहिल्या वेळी ती फाडूनच टाकली होती.

आणि पहिल्या वेळचं सांगायलाच पाहिजे. मालेगावच्या पुढे एक हॉटेल, आत चकाचक कमोड, मी खूश. पाकिटातून कव्हर काढलं तर आई म्हणे, "हाई काय शे वं, पतंगना कागद का?" मी ऐटीत पसरवलं. पण आपल्याकडे माणूस जेट वापरतो, सीट कधी कोरडी नसतेच, आधीच्या बाईने चारी बाजूला पाणी उडवून ठेवलेलं. कागद टाकल्या टाकल्या गपकन चिकटला, पारदर्शक झाला, आई बसली आणि उठली तर अर्धा कागद तिच्यासोबत उठला. आमच्याकडे धोतरावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापतात ना, ते कच्चे असतानाच कोणी घाईने सोडवायला गेलं की कसे तुकडे हातात येतात, अगदी तसे ते तुकडे मी मांडीवरून सोडवत होते, आणि आई हसतेय, मी हसतेय, बाहेरून कोणीतरी दार वाजवतंय. नंतर डोकं चाललं. हा कागद ज्या देशांतून आला तिथे लोक कागदाने पुसतात, टॉयलेट कोरडं असतं, अमेरिकेत तर भिंतीवर त्याचा डबाच लावलेला असतो. ओल्या सीटवर हा कागद काहीच अडवत नाही, उलट खालचं पाणी वर ओढून आणतो.

म्हणून क्रम उलटा करा. आधी सीट टिश्यूने किंवा जुन्या मऊ कापडाच्या तुकड्याने खणखणीत कोरडी पुसा, तो तुकडा डस्टबिनमध्ये टाका, मग कव्हर. आणि आईंना सांगा की कव्हर आहे तोवर जेट मारायचा नाही, आधी पुसून घ्यायचं, कागद फ्लश करायचा, मग बेताच्या धारेने धुवायचं. किंवा मग छोटा मग वापरायचा, आमच्याकडे गाडीत एक प्लास्टिकचा मग कायम असतो, त्याच्यावर मिस्टरांनी मार्करने फुली मारलीय म्हणजे चुकून कोणी चहाच्या पाण्याला घेणार नाही. खरं सांगायचं तर कोरड्या सीटवर टॉयलेट रोलच्या दोन-तीन पट्ट्या टाकल्या तरी तेच काम होतं, दहाच्या पाकिटाला कंपनीप्रमाणे साठ ते दीडशे रुपये देण्यापेक्षा स्वस्त. मीच दुकानदार असून सांगते.

दुसरं कव्हर असतं प्लास्टिकचं किंवा त्या मास्कच्या कापडासारख्या मटेरियलचं. ओल्या सीटला हे बरं, पाणी वर येत नाही, घसरत पण कमी. पण हे फ्लश करायचं नाही, नाही म्हणजे नाही. आमच्या एका नातेवाइकांकडे लग्नाला पाहुणे आलेले, कोणीतरी दोन-तीन कव्हरं भांड्यात सोडून दिली, हळदीच्या दिवशी लाइन तुंबली आणि घरात पन्नास माणूस! प्लंबरने तार घालून जे बाहेर काढलं ते बघून दोन जण जेवले नाहीत. प्लास्टिकवालं वापरलं की गुंडाळा, पिशवीत घाला, डस्टबिनमध्ये. रेल्वेत तर कागदी पण आत टाकू नका, तिथे आता खाली बायो-टॉयलेटची टाकी असते, जंतू मैल्याचं पाणी-गॅस करतात, तिच्यात कागद, बाटली, पॅड काहीही गेलं की तुंबतं आणि मग भुसावळ येईपर्यंत अख्खा डबा शिव्या देतो.

स्प्रे पण मिळतात, पी सेफ वगैरे. अल्कोहोलचे असतात, मारायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा, ओलं असताना बसलं की झोंबतं, एकदा झोंबलं की आई जन्मात परत मारू देणार नाहीत. दिसणारी घाण आधी पुसूनच घ्यावी लागते, घाणीवर मारला तर पैसे वाया. आणि हे नीट वाचा, त्या डब्यावर लिहिलेलं असतं की ५० डिग्रीच्या वर ठेवू नका. आपल्या खान्देशात मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याच्या पुढे जातं. गाडीत सोडून जेवायला जाऊ नका, पर्समध्ये बरोबर ठेवा.

घरच्या कमोडला ते मऊ कापडी, लोकरीसारखं कव्हर मिळतं ते मात्र घेऊ नका, कोणीतरी भेट दिलं तरी कपाटात ठेवा. ते थंडीच्या देशातलं खूळ. आपल्याकडे ते दिवसभर ओलं राहतं, वास मारतं. घरी प्लास्टिकची सीट साध्या साबणाच्या पाण्याने पुसली की झालं. टॉयलेट क्लीनर सीटवर ओतून तसाच ठेवू नका, नीट धुतला गेला नाही की मांडीला लाल चट्टे येतात, खाज सुटते, आणि माणूस समजतो इन्फेक्शन झालं. आमच्याकडे अशा दोन बायका येऊन गेल्यात, त्यातली एक तर महिनाभर खाजेचं मलम लावत होती.

तुमच्या रस्त्याचं म्हणाल तर धुळे, मालेगाव, मनमाड, कोपरगाव, नगर असे जाल, सहा-सात तास धरा. दर दोन तासांनी थांबा, लागो न लागो, गुडघ्यासाठी पाय मोकळे करायला डॉक्टरांनी सांगितलंच असेल, तेव्हाच टॉयलेट उरकून घ्या. पाणी थोडं थोडं पाजत राहा. पेट्रोल पंपापेक्षा जिथे फॅमिल्या जेवायला थांबतात असं मोठं हॉटेल बघा, आणि गाडीतून आईंना उतरवायच्या आधी मिसेसना पुढे पाठवून कमोड आहे का, सीट तुटलेली नाही ना, पाणी येतंय का बघायला सांगा. आईंना तिथपर्यंत चालवत नेऊन परत आणणं फार जिवावर येतं.

आणि सगळ्यात आधी फरशी. इन्फेक्शन परवडलं पण ओल्या टाइल्सवर पाय घसरलेला परवडणार नाही. रबरी तळाची चप्पल घाला, साबणाचं पाणी दिसलं तर थांबा, पुसून घ्या. हायवेवरचे कमोड बुटके असतात आणि धरायला दांडी नसते, त्यामुळे बसवायला आणि उठवायला मिसेसना आत जावंच लागेल, तुम्हाला लेडीजमध्ये जाता येणार नाही हे आताच ठरवून ठेवा, तिथे जाऊन वाद नको. आमची आई कडी लावल्याशिवाय बसत नाही, त्यामुळे मी आत, भिंतीकडे तोंड करून, हुक नसतो म्हणून गळ्यात तिची पर्स आणि माझी पर्स, हातात कव्हरचं पाकीट, आणि ती मागून मला विचारत असते की शेजारच्यांच्या पोरीचं कुठे जमलं का म्हणून.