‘वास तर गोड येतो, मॅडम’

समुपदेशक म्हणून गेल्या दीड-दोन वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की समोरची आई पर्समधून बाटली काढायच्या आत मला पुढचं सगळं कळतं. सिगारेटचा वास आला असता तर घरात केव्हाच रामायण झालं असतं. इथे पोराच्या बंद खोलीतून कस्टर्डचा, बटरस्कॉचचा, रबडीचा वास येतो. आईला आधी वाटतं, नवा रूम फ्रेशनर आणला असेल. मग एक दिवस कपाटात हात घालताना दहा मिलीच्या बाटल्या सापडतात, सोनाराकडे असतो तसला छोटा वजनकाटा सापडतो आणि सिरिंज सापडतात. सिरिंज पाहिली की तिच्या पायाखालची जमीन सरकते.

‘ड्रग्ज तर घेत नाही ना?’ हा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा नाही. सिरिंज मापासाठी असतात. पोरगं व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, भरायचं लिक्विड घरीच बनवत असतं. ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हा पाया, त्यात फ्लेवरचे थेंब आणि निकोटीन. कस्टर्डसारखे फ्लेवर लगेच ओढत नाहीत, तीन-चार आठवडे अंधारात ठेवतात. मुलं त्याला ‘मुरत ठेवलंय’ म्हणतात. लोणच्याचा शब्द तिथे वापरलेला ऐकून पहिल्यांदा मला हसूच आलं होतं.

ही हकिकत साताऱ्यातली. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि त्या मुलाला विचारूनच लिहितेय. घरात त्याला सगळे दादा म्हणतात, आपणही दादाच म्हणू.

त्याची आई भाजीच्या पिशवीतून स्टीलचा डबा घेऊन आली होती. झाकण घट्ट लावलेलं, वरून रुमाल बांधलेला. आत चार बाटल्या. तिघींवर त्याच्या बारीक, नेटक्या अक्षरात चिठ्ठ्या: ‘कस्टर्ड’, ‘खरवस 4’, ‘कंदी 11’. चौथीवर काहीच नाही.

“मला इसेन्सच वाटला ओ. जाऊबाईंच्या पोरीचा वाढदिवस, फ्रूट सॅलड केलं होतं. फ्रिजच्या दारात ही कस्टर्डची बाटली दिसली. दोन थेंब घालणार, एवढ्यात दादा ओरडत आला आन् हातातनं हिसकावून घेतली. तेव्हा कळलं.”

“आणि ही कोरी?”

“ती बी तिथंच होती. तिला तर वासच नाही.”

त्या पोरीला चार पूर्ण झाली होती. मी आईला म्हटलं, बाकी सगळं राहू दे, आधी या कोऱ्या बाटलीबद्दल बोलू. बिनवासाचं ते घट्ट निकोटीन होतं. ते कातडीतूनही अंगात भिनतं, आणि लहान मुलाच्या पोटात चमचाभर गेलं तरी जिवावर बेतू शकतं. टिकावं म्हणून मुलं ते फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे नेमकं घरातल्या सगळ्यांचा हात जातो तिथे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला पहिल्या दिवशी मी एवढंच काम देते: आज रात्री भांडण नाही, भाषण नाही. ती बाटली मुलाकडूनच स्वयंपाकघराबाहेर काढून घ्या, कुलपात ठेवा, हाताला लागली तर साबणाने हात धुवा, आणि रागाच्या भरात बेसिनमध्ये ओतू नका. हे ऐकून पालक हिरमुसतात. त्यांना माझ्याकडून भाषणाचे मुद्दे हवे असतात.

कायद्याचं सांगायलाच हवं, कारण पोलिसांची भीती प्रत्येक घरात असते. 2019 च्या कायद्याने भारतात ई-सिगारेट बनवणं, विकणं, मागवणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसत्या साठ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षा नाही असं मुलं छातीठोकपणे सांगतात, पण दादा मित्रांना दोनशे रुपयांना बाटली देत होता. बंदीमुळे माल चोरवाटेने येतो, त्यामुळे बाटलीवरचा निकोटीनचा आकडा खरा की खोटा हे ना त्याला ठाऊक, ना विकणाऱ्याला.

चार दिवसांनी दादा आला. एकोणीस-वीसचा, कऱ्हाडला इंजिनिअरिंगला. एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, दोनदा राहिला, वायडी लागला, म्हणजे वर्ष वाया गेलं, म्हणून सध्या घरीच. खुर्चीत बसायच्या आधीच त्याने तोफ डागली.

“तुम्ही आता अमेरिकेत व्हेपने मेलेल्या पोरांचं सांगणार.”

“नाही. 2019 ची ती प्रकरणं बहुतांशी गांजाचा अर्क भरलेल्या व्हेपच्या कार्ट्रिजची होती. त्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट मिसळलेलं होतं. तुझ्या बाटलीत ते नाही.”

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पालकांना माझं हात जोडून सांगणं आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बातमी मुलासमोर फेकू नका. या विषयात तो तुमच्यापेक्षा दहापट वाचून बसलेला असतो. एक चूक सापडली की तुमचं बाकीचं खरंही तो फेकून देतो.

मग मी त्याला डायअसिटिलचं विचारलं. लोण्यातुपाला जो वास असतो, त्यातला हा एक घटक. खाल्ला तर काही बिघडत नाही. पण 2000 साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा कायमचा आजार झाल्याचं उघड झालं आणि संशयाची सुई लोण्याच्या फ्लेवरच्या वाफेकडे गेली. दादा हसला. “मी डायअसिटिल-फ्री घेतो मॅडम. आणि सिगारेटच्या धुरात ते जास्तच असतं.” दोन्ही मला मान्य होतं. मी म्हटलं, त्याच्या जागी जे घालतात त्या असिटिल प्रोपिओनिलचं काय? तो गप्प झाला. ते त्याने वाचलं होतं, पण मनाच्या मागच्या कप्प्यात ढकललं होतं. पोट आणि फुप्फुस यांत फरक एवढाच की पोटाला पचवता येतं. खाण्याला चालतो म्हणून पास झालेला फ्लेवर ओढण्यासाठी कुणी पास केलेला नसतो.

रसायनशास्त्रावर आमची बरोबरी झाली असं समजा. पण या वादात मुलगा हरला तरी व्हेप सुटत नाही, हे मला आता पक्कं ठाऊक झालंय. म्हणून पुढच्या वेळी मी त्याला त्याची वही आणायला सांगितली. वजनकाटा असतो तिथे वही असतेच.

वही पाहताना माझी चहाची वेळ टळली. शंभर पानी, चौकोनी आखणीची. त्याला कंदी पेढा बाटलीत उतरवायचा होता. कस्टर्ड, डोनट, चीजकेक जगभर मिळतात. कंदी पेढ्याचा फ्लेवर त्याला कुठे सापडला नव्हता. मोती चौकात पेढ्याच्या दुकानाबाहेर उभं राहून त्याने खव्याचा वास टिपून घेतला होता, अक्षरशः, शब्दांत: ‘दूध मागे. भाजका पुढे. तूप शेवटी, जिभेवर नाही, टाळूला.’ आणि खाली एकेक प्रयत्न.

‘कंदी 3. गोड जास्त. भाजका कमी. पुन्हा.’

‘कंदी 7. जळका झाला, कॉफी वाटते. पुन्हा.’

‘कंदी 9. मिठाईवाल्यांचा इसेन्स, एक थेंब. दोन दिवस खोकला. तेलातला होता. चूक. हे परत नाही.’

नवव्या प्रयत्नापाशी मी थांबले. तेलातला अर्क वाफेबरोबर फुप्फुसात गेला तर न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. घरगुती प्रयोगातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती त्याने केली होती. त्याच आठवड्यात मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एक्स-रे स्वच्छ आला. पण वहीतल्या दुसऱ्याच गोष्टीने माझ्या डोक्यात दिवा पेटला, आणि वीस वर्षांच्या कामात असे दिवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पेटलेत, म्हणून जरा सावकाश सांगते.

हा मुलगा माझ्यासमोर दर दहा मिनिटांनी म्हणायचा, “मी कशातच धड नाही.” एम-थ्रीचा विषय निघाला की “मी नालायक आहे.” व्हेप सोडायचा प्रयत्न फसला की “माझ्यात दमच नाही.” आणि वहीत अकरा वेळा फसलेला हाच मुलगा एकदाही स्वतःला नालायक म्हणत नव्हता. गोड जास्त, भाजका कमी, पुन्हा. संपलं. मी ज्या विचारपद्धतीत घडले ती, विवेकनिष्ठ मानसोपचाराची, 1955 च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडली. त्यांचा सारा आग्रह हाच होता: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. ही गोष्ट समजावण्यात माझ्या कित्येक बैठका जातात. या पोराला ती येत होती, फक्त एकाच वहीत.

मी वही त्याच्यापुढे सरकवली. “मागच्या कोऱ्या पानावर लिही. एम-थ्री, प्रयत्न दोन.”

“काय लिहू?”

“कंदी सातचं लिहिलंस तसं.”

पेन हातात घेऊन तो बराच वेळ बसला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, ती टिंगटिंग संपेपर्यंत. मग त्याने लिहिलं: ‘लाप्लास येतं. व्हेक्टर कॅल्क्युलसला हात लावला नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत कंदी 6. पुन्हा.’

वाचून तोच म्हणाला, “यात नालायक कुठे बसतच नाही.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी बोललं की सगळं विस्कटतं, हे मी चुका करूनच शिकलेय.

त्यानंतर व्हेपचीही नोंद त्याच वहीत होऊ लागली. इथे पालकांसाठी थोडं थांबते. निकोटीन सोडताना पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं जड, झोप नाही. ही चिडचिड उद्धटपणा समजून आपण नेमके तेव्हाच तोंडसुख घेतो. तलफ लाटेसारखी येते, काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ हाताला आणि तोंडाला काम लागतं. निकोटीनचं च्युइंगगम मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारून घ्यावं. 1800-11-2356 हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत फोन आहे, तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, तो मुलाच्या हाती द्या. आणि व्हेप, बाटल्या, वही असं सगळं एका झटक्यात कचऱ्यात टाकू नका. त्यात निकोटीन आहे, फुप्फुसाचा धोका आहे, आणि मुलाला मनापासून जमणारी एक गोष्टही आहे. तुम्ही तिन्हींवर एकदम हल्ला केलात की तो तिन्हींची एकदम बाजू घेतो. पहिल्या दोन सोडवायच्या तर तिसरीला हात लावू नका.

दादाची नोंद अशी होती: ‘दिवस 4. रात्री 11. चार झुरके. जेवणानंतर नाही, आईशी बोलल्यानंतर. पुन्हा.’ नवव्या दिवशी परत घसरला. एकविसाव्या दिवसानंतर नोंदी विरळ झाल्या. फ्लेवर मात्र त्याने सोडले नाहीत. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून, अत्तर हुंगतात तसं हुंगतो.

त्यावर मी एक चूक केली. उत्साहाच्या भरात म्हटलं, “अरे, मग फूड टेक्नॉलॉजीला का जात नाहीस? किंवा पेढेच कर की!” त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी खजील झाले. “मॅडम, मला पेढे करायचे नाहीत. सगळे जण लगेच त्याचं काहीतरी करायला बघतात.” बरोबरच होतं त्याचं. आईबाबा बाटल्या फेकायला निघाले होते, मी त्यांचं करिअर करायला निघाले होते. दोघांनाही धीर नव्हता. एम-थ्री तो पुन्हा देतोय, एवढंच त्याने ठरवलंय.

राहिली आई. तिचं वाक्य वेगळं होतं, पण घडण तीच: “माझेच संस्कार कमी पडले.” दिवसातून चार वेळा ती दादाच्या खोलीत जाऊन हवा हुंगायची, उशी हुंगायची, टॉवेल हुंगायचा. दादाच्या ‘आईशी बोलल्यानंतर’चा अर्थ हाच होता. मी तिलाही एक छोटी वही दिली. संस्कारांवर एक ओळ नको, फक्त काय केलं ते लिहा. पहिले दोन आठवडे तिने किराणाची यादी लिहून आणली, मुद्दाम की विसरून ते मी विचारलं नाही. गेल्या महिन्यात वही उघडून माझ्यासमोर धरली. चष्मा काढून ठेवला होता, म्हणजे मीच वाचावं.

‘बुधवार. दुपारी दारापर्यंत गेले. वास नाही घेतला. परत आले.’