छोट्या सॉल्टवॉटर टँकमधले मासे मोठ्या टँकमध्ये एका दिवसात हलवले तर चालतात का?

हलवा एका दिवसात. फक्त जुनी रेती नव्या टँकमध्ये टाकू नका. कोणी कितीही सांगो, घरचा माणूस सांगो, टाकू नका.

तुम्ही लिहिलंय की 2 फुटी टँक अडीच वर्षांपासून चालू आहे, दोन क्लाउन मासे, एक क्लीनर श्रिम्प (कोळंबी), थोडे हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) आणि गोगलगाई आहेत, 4 फुटी टँक आणून ठेवलाय, आणि विचारलंय की एका दिवसात हलवू की नवा टँक महिनाभर सायकल होऊ देऊ (म्हणजे त्यात जिवाणू वाढेपर्यंत थांबू), जुनं पाणी किती टाकू आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) कोणता घेऊ. स्किमरचं दुसऱ्या कोणाला तरी विचारा, मी एकच वापरलाय आणि एकावरून सल्ला देणं बरोबर नाही. बाकीचं सांगते, कारण बरोबर हेच मी 2019 च्या एप्रिलमध्ये नागपुरात मानेवाड्याच्या आमच्या घरी केलं होतं.

महिनाभर का थांबायचं नाही ते आधी. अमोनिया म्हणजे माश्यांच्या घाणीतून होणारं विष. ते खाणारे जिवाणू दगडांवर असतात, फिल्टरच्या स्पंजवर असतात, पाण्यात नावापुरते असतात. तेच दगड, तेच मासे, तेवढंच खाणं, म्हणजे घाण तेवढीच होणार आणि ती साफ करणारी फौज तुम्ही सोबतच नेऊन राहिले. वरून पाणी चौपट. मग नवीन सायकल कशाची? दगड ओले ठेवा, खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवूनच न्या, बस. जुनं पाणी "पिकलेलं" असतं, त्यात जीव असतो वगैरे जे बोलतात त्यात दम नाही. जुनं पाणी टाकायचं तर टाका, मीठ महाग आहे म्हणून टाका, जिवाणूंसाठी नको.

आता रेतीचं.

आमचे भाऊजी, म्हणजे माझे दीर, वीस वर्षांपासून मासे पाळतात. गोड्या पाण्यातले. एंजल, गोल्डफिश, डिस्कससुद्धा सांभाळलेत त्यांनी, आणि हात चांगला आहे त्यांचा हे मी आजही म्हणते. खाऱ्या पाण्याचा टँक मात्र घरात फक्त माझा. तीन वर्षं मी तो 56 लिटरचा डबा सांभाळला होता, दोन क्लाउन, एक फायरफिश, एक क्लीनर श्रिम्प. नागपूरच्या उन्हाळ्यात 56 लिटर खारं पाणी सांभाळणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पंखा लावला की दिवसाला दीड-दोन लिटर उडून जातं आणि टॉप-अप (उडालं तेवढं साधं पाणी भरणं) विसरलं की सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा) चढलीच. म्हणूनच मोठा टँक पाहिजे होता. 4 फूट बाय दीड बाय दीड, अडीचशे लिटर. इतवारीतून बनवून आणला, साध्या पाण्याने भरून तीन दिवस लीक तपासला, फरशीवर लेव्हल लावून पाहिली (दगड-रेती-पाणी धरून चारशे किलोच्या वर जातं हो ते, स्टँड हलका घेऊ नका). मग 200 लिटर आरओच्या पाण्यात साडेसात किलोच्या आसपास मीठ, पॉवरहेड लावून पूर्ण एक दिवस फिरवलं. जास्तीचं 40 लिटर पाणी निळ्या ड्रममध्ये वेगळं कालवून ठेवलं होतं. त्या ड्रमने दोन जीव वाचवले, पुढे सांगते.

रविवारी भाऊजी मदतीला आले. दगड काढले, बादलीत ठेवले, मग मासे डब्याने पकडले, सगळं छान चाललं होतं. मी म्हटलं, नवीन रेतीचं पोतं आणलंय मी. तर भाऊजी म्हणाले, "वयनी, तीन वर्षांची रेती फेकून राहिल्या का तुम्ही? सोनं आहे ते सोनं. सगळे बॅक्टेरिया त्यातच असतात." मी म्हटलं, तळाला काळी झाली आहे ती, वास येते. ते म्हणाले, "थोडासा वास तर येतेच, माझ्या टँकचा येत नाही का?" आणि मगाने उचलून उचलून टाकायला लागले. मी थांबवलं नाही. मला माहीत होतं, वाचलेलं होतं, आणि तरी मी वीस वर्षांच्या अनुभवापुढे गप्प बसली.

अर्धी रेती गेली तेव्हा पाणी पार चहासारखं झालं होतं. उरलेली अर्धी बादलीत तशीच राहिली कारण तेवढ्यात जेवायला हाक आली. चार वाजता मासे सोडले. भाऊजी म्हणाले रात्रीपर्यंत पाणी नितळेल, आणि नितळलं पण थोडं. पण घरभर सडक्या अंड्याचा वास होता. सासूबाईंनी दोनदा विचारलं की गॅस तर लीक नाही ना.

नऊ वाजता फायरफिश दगडाच्या मागे आडवा दिसला. गेलेला होता. त्याचा तो लांब पांढरा पर, जो तो बोलल्यासारखा सारखा वरखाली करायचा, तो पाण्याच्या झोताने हलत होता म्हणून आधी मला जिवंतच वाटला. श्रिम्प कुशीवर पडलेला, मिशा हलत होत्या फक्त. मोठी क्लाउन, म्हणजे मादी, वर पाण्याच्या काठाशी तोंड उघडून धापा टाकत होती आणि धाकटा तिच्या खाली चिकटून. अमोनियाच्या टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकले, पाच मिनिटं थांबायचं असतं, दोन मिनिटांतच गर्द हिरवं झालं. पिवळं राहायला पाहिजे असतं ते.

आणि साडेनऊला लाईट गेली.

ड्रममधलं पाणी आठवलं. पण मासे ठेवायचे कशात, घरातल्या सगळ्या बादल्यांना कधी ना कधी साबण लागलेला. सासूबाई उठल्या आणि गहू धुवायचा त्यांचा टब घेऊन आल्या, म्हणाल्या, "याले साबण नाही लागला आजवर, घे." पाणी 31 डिग्री होतं, फ्रीझरमधली बर्फाची बाटली वरून पुसून त्यात सोडली, 27 वर आणलं, नव्या टँकमधला एक दगड काढून ड्रमच्याच पाण्यात हलवून टबात ठेवला, बॅटरीवरचा एअर पंप लावला. दोन्ही क्लाउन आणि श्रिम्प त्यात टाकले. सासूबाई एक वाजेपर्यंत मोबाईलचा टॉर्च धरून स्टूलवर बसून होत्या. श्रिम्प पहाटे गेला. क्लाउन राहिले.

क्लाउन सगळे जन्मतः नर असतात, जोडीतला मोठा मादी होतो, आणि ती गेली की खालचा नर तिची जागा घेतो. हे मला माहीत होतं आणि त्या रात्री धाकट्याकडे पाहताना तेच डोक्यात फिरत होतं.

सकाळी मी तीन नळ्या भरल्या. एक नव्या टँकचं पाणी. एक निळ्या ड्रमच्या तळाशी उरलेलं पाणी, म्हणजे तेच मीठ, तेच आरओ. आणि एक त्या बादलीतलं, जिच्यात उरलेली अर्धी रेती रात्रभर वाटीभर पाण्यात पडलेली होती. ड्रमची नळी स्वच्छ पिवळी. टँकची हिरवी. बादलीची इतकी गर्द हिरवी की कार्डावरच्या शेवटच्या चौकोनाच्याही पुढे. तिन्ही नळ्या ओट्यावर ठेवून भाऊजींना बोलावून दाखवल्या. ते म्हणाले, मीठ नवीन होतं वयनी, पाणी कच्चं राहिलं, त्याने झालं. मग ड्रमची नळी पिवळी का? याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. पाच-सहा वर्षं झाली, आजही कोणी पाहुणे आले आणि टँकचा विषय निघाला की ते सांगतात, वयनीने मिठात घाई केली.

म्हणून सविस्तर लिहून राहिली आहे. वर्षानुवर्षं न हलवलेल्या रेतीच्या तळाशी माश्यांची विष्ठा, उरलेलं खाणं सगळं साठत जातं, सडून त्याचा अमोनिया होतो, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, हायड्रोजन सल्फाईड तयार होतं, तोच तो अंड्याचा वास. टँक शांत आहे तोवर ते खालीच राहतं. एकदा उकरलं की सगळं एकदम पाण्यात. आणि गोड्या पाण्यातला अनुभव इथे उलटा पडतो, कारण गोड्या टँकचा पीएच 7 च्या आसपास असला तर बराचसा अमोनिया कमी विषारी रूपात असतो, आपल्याकडे पीएच 8.1 ते 8.3, तिथे त्याच अमोनियातला विषारी भाग दहापटीहून जास्त होतो. भाऊजी चाळीस वेळा जुनी रेती उचलून टाकून सुटले असतील, ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्या टँकचं पाणीच वेगळं होतं.

तर तुम्ही असं करा. नव्या टँकमध्ये नवीन धुतलेली रेती, मीठपाणी आदल्या दिवशीच तयार, 26 डिग्री. सकाळी लवकर सुरू करा, दहाच्या आत मासे नव्या घरात गेले पाहिजेत, एप्रिल-मेमध्ये दुपारी बादलीतलं पाणी किती लवकर तापतं ते तुम्हाला माहीत आहे. जुन्या टँकचा हीटर आधी बंद करा, पाणी उतरलं की काच फुटते त्याची. आधी वरचं स्वच्छ पाणी काढून बादल्यांत, मग दगड एकेक करून त्याच पाण्यात जोरात हलवून, कचरा झाडून, नव्या टँकमध्ये. दगड निघाले की मासे पकडायला दोन मिनिटं लागतात. जाळी नको, प्लास्टिकचा डबा. दगड काढताना तळ ढवळू देऊ नका, मासे निघेपर्यंत रेतीला हात नाही. पहिला दिवस लाईट बंद, वरून झाकण किंवा जाळी, घाबरलेला मासा उडी मारतो. हर्मिट आणि गोगलगाई सगळ्यात शेवटी हाताने वेचा. स्पंज धुऊ नका, तसाच न्या. आठ-दहा दिवस रोज अमोनिया पाहा, खाणं निम्मं करा, आणि महिनाभर एकही नवीन मासा नको, तुमचे दगड तेवढ्याच माश्यांच्या हिशोबाचे आहेत.

आणि हो, जुन्या टँकची सॅलिनिटी आधी मोजा. नव्याचं 1.025 करून ठेवाल आणि जुना उन्हाने 1.028 वर गेलेला असेल, मासा एकवेळ निभावेल, श्रिम्प नाही निभावणार. दोन-तीन दिवस आधीपासून टॉप-अपने जुना हळूहळू खाली आणा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) 35 पीपीटीच्या, म्हणजे हजारात 35 भाग मिठाच्या, सोल्युशनने सेट करा. कूलर त्याच खोलीत चालत असेल तर टँकवरच्या पंख्याचा फायदा कमी होतो हेही लक्षात असू द्या, हवाच ओली झाली की पाणी उडणार कसं. मी कूलर बाजूच्या खोलीत हलवला.

दगडांबद्दल विचारलं नाही तुम्ही, पण सांगते, जास्तीचे लागले तर बनवलेले सिरॅमिकचे घ्या. आपल्याकडे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहेत, समुद्रातून काढलेले प्रवाळाचे दगड विकायला कोणी आणले तर घेऊ नका.

हेही प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे की माझी रेती दोन इंच जाड होती आणि तीन वर्षांत मी तिला एकदाही सायफन (नळीने तळाची घाण ओढणं) लावला नव्हता. तुमचा थर पातळ असेल, दर आठवड्याला साफ करत असाल, तर इतकं वाईट होणार नाही. तरीही जिवाणूंसाठीच पाहिजे असेल तर वरच्या थराचा एक कप घ्या, खाऱ्या पाण्यात चार-पाच वेळा खळखळून धुवा, तेवढाच टाका. उरलेली रेती झाडांना पण नाही चालत, खारट असते.

माझ्या टँकचं म्हणाल तर ती सगळी रेती मी दोन दिवसांत सायफनने काढली, थोडं थोडं करून बहुतेक पाणी बदललं, दहाव्या दिवशी अमोनिया शून्य आला, त्याच नव्या मिठाच्या पाण्यात. क्लाउन त्या संध्याकाळी परत सोडले. आजही आहेत दोघं, मोठी आता खाणं टाकताना बोटाला चावते. सासूबाईंना नवीन टब घेऊन दिला, जुना मी मागून घेतला, मिठाच्या पाण्यासाठीच ठेवलाय.

तुम्ही टँक हलवला की एक काम करा. जुनी रेती थोडी बादलीत ठेवा, वर नवीन मीठपाणी घाला, दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्ट करा आणि नळीचा फोटो इथे खाली टाका. सोबत नुसत्या नव्या पाण्याची नळी पण ठेवा, दोन्ही एका फोटोत दिसल्या पाहिजेत. मला तो आमच्या घरी दाखवायचा आहे.