फुकट मिळालेली घोडी व्याली; शिंगरू कुणाचं, आणि ते दुबईत पळेल का?

प्रश्न: अलिबाग तालुक्यात नागावला आमची नारळ-पोफळीची वाडी आहे आणि समुद्रावर पर्यटकांना फिरवायला चार घोडे आहेत. गेल्या वर्षी जुलैत मुंबईच्या एका रेसघोड्यांच्या मालकांनी त्यांची निवृत्त थरोब्रेड (शर्यतीच्या जातीची) घोडी आम्हाला दिली. चिठ्ठीत लिहिलं, ‘घोडी विनामोबदला देत आहे. तिला शर्यतीत पळवू नये, तिची पैदास करू नये.’ स्टड फार्मवर (घोड्यांच्या पैदास केंद्रावर) तपासली, ती खाली राहिली, म्हणजे गाभण नाही, असं ते तेव्हा म्हणाले होते. यंदा फेब्रुवारीत ती व्याली. नर आहे, कुमैत रंगाचा, कपाळावर चांदणी. मी फोटो पाठवले तेव्हा त्यांनी व्हॉट्सॲपवर अभिनंदन केलं. माझे मेव्हणे दुबईत असतात. त्यांचं म्हणणं, कागद करू आणि इकडे आणून रेसला उतरवू. एक एजंट अडीच लाखांत ‘इंटरनॅशनल रजिस्ट्रेशन’ करून देतो म्हणतो. घोडीचे कागद मिळाले नाहीत तर आई म्हणून दुसऱ्या घोडीचं नाव लावू, असंही बोलला. मी मूळ मालकांकडे घोडीचा पासपोर्ट, म्हणजे तिचं ओळखपुस्तक, मागितला, तर वकिलाची नोटीस आली: शिंगरू आमचं आहे, परत करा, नाहीतर पाच लाख द्या. काय करू? फी नेमकी किती लागते? नाव ‘सरखेल कान्होजी आंग्रे’ ठेवायचं मनात आहे.

उत्तर: आधी एजंटाचं बोलू, कारण पैसे अजून तुमच्या खिशात आहेत.

‘इंटरनॅशनल रजिस्ट्रेशन’ देणारं कार्यालय जगात कुठेही नाही. घोड्यांच्या शर्यती चालवणाऱ्या देशोदेशींच्या संस्थांचा एक महासंघ पॅरिसला आहे आणि त्यांनी आपसात केलेला एक करार आहे. कुठल्या घोड्याला थरोब्रेड म्हणायचं हे त्या कराराच्या बाराव्या कलमात ठरलेलं आहे. घोडा ज्या देशात जन्मला, त्याच देशाच्या मान्यताप्राप्त स्टड बुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, त्याची नोंद व्हावी लागते. तुमचं शिंगरू नागावला जन्मलं, म्हणजे त्याची वाट पुण्यातल्या इंडियन स्टड बुकाच्या दारातूनच जाते. मेव्हण्यांनी दुबईत कितीही ओळखी काढल्या तरी तिथली संस्था जन्माची नोंद स्वतःकडे करून घेणार नाही.

दुसऱ्या घोडीचं नाव लावण्याचा बेत तर एजंटाला ऐकवून लगेच बंद करा. शिंगराचा नमुना घेऊन डीएनए आई आणि बाप दोघांशी जुळवतात. न जुळल्यास नोंद होत नाही. वर खोटं निवेदन दिल्याबद्दल भारतीय न्याय संहितेची फसवणुकीची आणि बनावट दस्तऐवजाची कलमं, म्हणजे ३१८ आणि ३३६, एजंटाबरोबर तुमच्याही मागे लागतील, कारण अर्जावर सही तुमची असेल. शर्यती चालवणाऱ्या टर्फ क्लबने एकदा ‘वॉर्न ऑफ’ केलं की रेसकोर्सचा दरवाजा बंद होतो, आणि दुसऱ्या देशांतल्या संस्थाही अशा शिक्षा मानतात.

आता खरी नोंद कशी होते ते बघा, कारण तुमच्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, गर्भरोपण चालत नाही. घोडा-घोडीचा नैसर्गिक संयोगच हवा. म्हणून प्रत्येक स्टॅलियनने, म्हणजे पैदाशीच्या घोड्याने, कुठल्या घोड्या कधी फळवल्या याचं विवरण स्टड फार्मला दरवर्षी स्टड बुकाकडे द्यावं लागतं आणि त्यावरून त्या घोडीचा कव्हरिंगचा, म्हणजे संयोगाचा, दाखला निघतो. शिंगरू झालं की पशुवैद्य येऊन त्याचं वर्णन नकाशावर उतरवतो: रंग, चांदणी, पायांचे पांढरे पट्टे आणि अंगावरचे भोवरे. आपल्याकडे भोवरे शुभ-अशुभ बघायला मोजतात; स्टड बुक ते ओळख पटवायला मोजतं. मग मानेत मायक्रोचिप, डीएनएसाठी नमुना, आणि सगळं जुळलं तर पासपोर्ट.

तुमची घोडी जुलैत आली, फेब्रुवारीत व्याली. घोडी साधारण अकरा महिने गाभण राहते. म्हणजे फळली ती आदल्या मार्चमध्ये, तुमच्याकडे येण्याआधी तीन-चार महिने, त्यांच्याच ताब्यात असताना. तपासणीत ‘खाली’ निघालेली घोडी प्रत्यक्षात गाभण असणं ही काही अजब गोष्ट नाही. या एका हिशेबाने तुमचे दोन प्रश्न सुटतात. चिठ्ठीतली ‘पैदास करू नये’ ही अट तुम्ही मोडलेली नाही. आणि संयोग स्टड फार्मवर झाला असल्यामुळे त्याची नोंद स्टॅलियनच्या विवरणात असायला हवी. ती असेल तर शिंगराची नोंदणी शक्य आहे. नसेल तर कुठलाही वकील काही करू शकणार नाही. म्हणून सगळ्यात पहिलं पत्र मूळ मालकांना नव्हे, स्टड बुकाला लिहा: घोडीचं नाव आणि चिप क्रमांक देऊन विचारा, त्या हंगामाच्या विवरणात हिची नोंद आहे का.

इथे एक तिसरा माणूस निघतो, ज्याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही: स्टॅलियनचा मालक. या धंद्यात घोडी फळवण्याचे अनेक करार ‘शिंगरू नाही तर फी नाही’ या बोलीवर होतात. घोडी खाली राहिली असं समजून कदाचित फी आकारलीच गेली नसेल. आता शिंगरू उभं आहे म्हटल्यावर तो फी मागणार, आणि ती मिळेपर्यंत कव्हरिंगचा दाखला हातातून सोडणार नाही. करार तुमच्याशी नव्हता, त्यामुळे कायद्याने देणं मूळ मालकांचं. पण दाखला अडला तर घोडं तुमचं अडतं.

शिंगरू कुणाचं? जंगम वस्तूचं दान मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२च्या कलम १२३प्रमाणे नुसता ताबा दिल्यानेही पूर्ण होतं, नोंदणीकृत दस्त लागत नाही. चिठ्ठी आहे, ताबा आहे, तुम्ही स्वीकारलेलं आहे. घोडी तुमची, आणि व्याली तेव्हा मालक तुम्ही, म्हणून शिंगरूही तुमचं. समोरचे वकील बहुधा म्हणतील की घोडी फक्त सांभाळायला दिली होती. तसं ठरलं तर चित्र उलटं होईल, कारण करार कायदा, १८७२च्या कलम १६३प्रमाणे सांभाळायला दिलेल्या वस्तूत झालेली वाढ मूळ मालकाला परत करावी लागते. त्या कलमाखाली उदाहरणच सांभाळायला ठेवलेल्या गाईच्या वासराचं आहे. पण ‘विनामोबदला देत आहे’ असं लिहून, परत नेण्याबद्दल एक अक्षरही न लिहिता, वर्षभर चंदीचा एक रुपया न पाठवणाऱ्या माणसाला ‘सांभाळायला दिली होती’ हे सिद्ध करणं जड जाईल.

त्यांच्या भात्यातला खरा बाण वेगळा आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ म्हणतं की करार असता तर ज्या कारणाने तो मोडता आला असता, त्या कारणाने दानही मागे घेता येतं. ते म्हणतील: घोडी खाली आहे या समजुतीनेच आम्ही दिली आणि तुम्हीही घेतली, दोघांचीही मूळ गोष्टीबद्दल चूक झाली. अमेरिकेत मिशिगनला १८८७ साली अगदी असाच खटला गाजला होता. वांझ समजून ऐंशी डॉलरच्या आसपास विकलेली गाय गाभण निघाली. गाभण गाय साडेसातशे ते हजार डॉलरची होती, आणि न्यायालयाने विकणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. शिवाय आपल्या करार कायद्याच्या कलम २०च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की किमतीबद्दलचा चुकीचा अंदाज ही वस्तुस्थितीची चूक धरली जात नाही. तुमचं उत्तरही तयार आहे: फेब्रुवारीत फोटो बघून अभिनंदन केलं, नंतर महिनोन्‌महिने गप्प बसलात, पासपोर्ट मागितल्यावरच हक्क आठवला. तो व्हॉट्सॲपचा संवाद पुसू नका, फोन बदलू नका. माझ्या मते पारडं तुमच्याकडे झुकतं, पण पूर्ण झुकलेलं नाही.

आणि समजा, अलिबागच्या कोर्टात चार-पाच वर्षांनी तुम्ही जिंकलात. घोडा तोपर्यंत पाच वर्षांचा, कागद नाहीत, पळण्याचं वय निघून चाललेलं. स्टड बुक म्हणजे घोड्याचा सातबारा. खरेदीखत हातात असून फेरफार न झालेल्या माणसाची काय गत होते हे वाडीवाल्याला मी सांगायला नको. त्यातून घड्याळही चालू आहे. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचा वाढदिवस १ जानेवारीला. तुमचं आठ महिन्यांचं शिंगरू येत्या १ जानेवारीला कागदोपत्री एक वर्षाचं होईल. ओळख आणि नमुन्याचं काम जन्माच्या वर्षातच उरकायचं असतं. पुढे ढकललं की शुल्क वाढतं आणि प्रश्नही वाढतात.

म्हणून माझा सल्ला भांडणाचा नाही, तडजोडीचा आहे. तिघांनी एक करारनामा करावा. मूळ मालकांनी घोडीची मालकी स्टड बुकात तुमच्या नावे करून पासपोर्ट द्यायचा. स्टॅलियनच्या मालकाने दाखला द्यायचा. स्टड फीचा भार कुणी किती उचलायचा ते लिहायचं, आणि बदल्यात मूळ मालकांना शिंगरात ठरावीक हिस्सा किंवा विक्री झाली तर ठरावीक रक्कम. हिस्सा द्यायला जीव कुरकुरेल, पण कागदाशिवायचा पूर्ण घोडा समुद्रावर शंभर रुपयांच्या फेऱ्या मारतो. त्यांना शिंगरूच हवं असेल आणि तुम्ही द्यायला तयार असाल, तर दाणा, वैरण, डॉक्टर यांचा खर्च करार कायद्याच्या कलम ७०खाली मागता येतो; बिलं जपून ठेवा. मात्र ‘खर्च दिल्याशिवाय सोडणार नाही’ अशी भाषा लेखी वापरू नका. वस्तू अडवून ठेवण्याचा कलम १७०चा हक्क त्या वस्तूवर कौशल्य किंवा मेहनत खर्च करणाऱ्याला आहे, आणि नुसत्या चाऱ्यापाण्याने तो मिळतो असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. तुमची भूमिका एकच ठेवा: मालक मी आहे.

फीचं विचारलंत. एक रकमी आकडा कुणी सांगितला की समजा, तो मध्ये काहीतरी ठेवतोय. जन्मनोंद, डीएनए, चिप आणि पासपोर्ट, मालकी बदल, नाव, अशी वेगवेगळी शुल्कं असतात. त्यांचे दर त्या त्या संस्थेकडून लेखी मागवता येतात, भरणा संस्थेच्याच खात्यात होतो आणि पावती मिळते. मुंबई-पुण्याच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहेत. तिथे घोडा उतरवायचा तर मालक म्हणून तुमची वेगळी नोंदणी, जॉकीच्या कपड्यांचे रंग, भागीदार असतील तर त्यांची नावं आणि हिस्से. मेव्हण्यांशी तोंडी ठरलेली भागीदारी क्लब ओळखत नाही. त्यानंतर शर्यतीच्या एन्ट्री, काढून घेतल्यास दंड, जॉकीची फी, बक्षिसातून ट्रेनरचा वाटा. पण ही सगळी शुल्कं किरकोळ वाटावीत असा खर्च पुढे असतो. घोडा लायसन्स असलेल्या ट्रेनरच्याच तबेल्यात राहतो आणि त्याचं महिन्याचं बिल पाच आकडी असतं, घोडा पळो वा न पळो. देणी थकली की नाव थकबाकीदारांच्या यादीत, आणि घोडा बंद. प्राप्तिकरातही रेसच्या घोड्याचा तोटा वाडीच्या किंवा पर्यटकांच्या फेऱ्यांच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

दुबईचं स्वप्न शेवटी ठेवलंय, कारण ते खरोखर शेवटचं पाऊल आहे. इथल्या क्लबचा घोडा तात्पुरता परदेशी पळायला जातो तेव्हा इथली संस्था तिथल्या संस्थेला ‘रेसिंग क्लिअरन्स नोटिफिकेशन’ पाठवते: घोडा कोण, आजवर कसा पळाला, त्याच्यावर बंदी नाही. कायमचा जातो तेव्हा स्टड बुकाकडून निर्यातीचा दाखला थेट तिथल्या स्टड बुकाकडे जातो. तो मालकाच्या हाती देत नाहीत, म्हणून एजंटाने ‘एक्स्पोर्ट सर्टिफिकेट हातात देतो’ म्हटलं तर ओळखा. कागदांपेक्षा अवघड आहे आरोग्य. ग्लँडर्ससारख्या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांमुळे भारतीय घोडे घ्यायला देश बिचकतात. जुलै २०२५मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रातल्या रोगमुक्त कक्षाला जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने मान्यता दिली, पण तो चहूबाजूंनी बंदोबस्त असलेला कक्ष आहे. तुमचं शिंगरू समुद्रावरच्या घोड्यांच्या गव्हाणीत तोंड घालतं. त्याला आजपासून वेगळं बांधा, बादली वेगळी ठेवा, आणि नागावच्या चारही घोड्यांची ग्लँडर्सची रक्ततपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत करून घ्या. हा रोग सापडला तर कळवणं प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९च्या कायद्याने सक्तीचं आहे आणि बाधित घोडा वाचत नाही, हे माहीत असूनच तपासणीला जा.

नाव मात्र बदलावं लागेल. रोमन लिपीत, मोकळ्या जागा धरून, अठरा अक्षरांची मर्यादा आहे. ‘सरखेल कान्होजी आंग्रे’ एकवीस भरतं. शिवाय मोठ्या व्यक्तींची नावं घोड्याला देण्यावर बंधनं आहेत. ‘कुलाब्याचा वाघ’ पंधरात बसतं, ते कुणी आधी घेतलेलं नसेल तर.

नोटिशीला उत्तर पंधरा दिवसांत जाऊ द्या, आणि ते छोटं असू द्या: घोडी दान म्हणून मिळाली, चिठ्ठीची प्रत सोबत, संयोग आपल्या ताब्यात असताना झाला, अटीचा भंग नाही, फेब्रुवारीत आपण अभिनंदन केलंत, हक्क राखून, नोंदणीसाठी एकत्र बसायला आम्ही तयार आहोत, तारीख कळवावी. पाच लाखांच्या आकड्यावर या पत्रात हो किंवा नाही काहीच लिहू नका. एजंटाला कळवायचं असेल तर फोनवर नको, मेसेज करा: तुमची सेवा नको, दुसऱ्या घोडीच्या नावाला माझी संमती कधीच नव्हती.