रिव्ह्यू टाकायच्या आधी तिला विचारलंत का?

मागच्या महिन्यात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले होते की एस्कॉर्टकडे जाऊन आल्यावर तिच्याबद्दल ऑनलाइन रिव्ह्यू टाकायचा असेल तर आधी तिला विचारा. त्या एका वाक्यावर बाकी सगळ्या सदरापेक्षा जास्त मेल आल्या, काही चिडून लिहिलेल्या, काही खरंच गोंधळलेल्या, आणि दोन याच कामात असलेल्या बायकांच्या. म्हणून या वेळी फक्त हाच विषय. मी वकील आहे, ऑनलाइन बदनामी आणि खासगी माहितीच्या केसेस बघते, त्यामुळे उत्तरं त्याच अंगाने येतील. नावं काढली आहेत, काही तपशील बदललेत.

प्रश्न : मी ऑकलंडला असतो. इथे हे कायदेशीर आहे त्यामुळे त्यावर लेक्चर नको प्लीज. एका मुलीकडे गेलो तर ती आपल्याकडचीच निघाली, छान मराठी बोलत होती, इथे शिकायला आलीये म्हणाली. अनुभव खूप चांगला होता म्हणून रिव्ह्यूत हे सगळं लिहिलं, पाच स्टार दिले, तिला अजून काम मिळावं एवढाच हेतू. दोन दिवसांनी तिचा मेसेज, आत्ताच्या आत्ता डिलीट कर. मी वाईट काय लिहिलं?

लेक्चर देत नाही. तो रिव्ह्यू अजून तिथे असेल तर आधी काढा आणि मग पुढचं वाचा.

न्यूझीलंडने २००३ मध्ये प्रॉस्टिट्यूशन रिफॉर्म ॲक्ट आणला आणि हे काम गुन्ह्याच्या यादीतून बाहेर काढलं, बरोबर. पण त्याच कायद्याचं कलम १९ वाचलंय का? तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला तिथे हे काम करता येत नाही, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच्या मुलीला नाहीच, आणि कळलं तर तिला परत पाठवू शकतात. तुम्ही कौतुकाच्या भरात तीन गोष्टी लिहिल्यात : भारतातून आलेली, मराठी बोलणारी, शिकणारी. इमिग्रेशनवाल्यांना आणखी काय लागतं? आणि समजा तिचा व्हिसा वेगळा असेल, तरी ऑकलंडमधली मराठी मंडळी किती आहेत हो, गणपतीच्या आरतीला सगळे एकमेकांना भेटतात, कोणाची भाची कुठे शिकते हे सगळ्यांना माहिती असतं. त्यात कोणीतरी तुमचा रिव्ह्यू वाचला तर हिशोब लावायला पाच मिनिटं पुरतात.

तुम्ही वाईट काही लिहिलं नाहीत, मला पटतं. पण चांगलं लिहिलं म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. तिने तुम्हाला मराठीत बोलून दाखवलं ते त्या खोलीपुरतं होतं, परक्या देशात आपली भाषा ऐकली की माणूस जरा सैल होतो तशी ती झाली असेल. तो सैलपणा तुम्ही जाहीर केलात.

तिथल्या कायद्यातही याला जागा आहे. २०१५ च्या हार्मफुल डिजिटल कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये दहा तत्त्वं दिलीत आणि त्यातलं पहिलंच असं की कोणाबद्दलची संवेदनशील खासगी माहिती ऑनलाइन उघड करू नये. तिला नेटसेफकडे, म्हणजे अशा तक्रारी बघायला तिथे नेमलेल्या संस्थेकडे, फुकट तक्रार करता येते, तिथे मिटलं नाही तर कोर्टात जाता येतं. पण व्हिसाची भीती असलेली मुलगी तक्रार करायला जाईल का? म्हणूनच तिने तुम्हाला मेसेज केला, तेवढाच एक मार्ग तिच्या हातात होता. काढून टाका, 'काढला, सॉरी' एवढंच कळवा, आणि परत भेटायचा विषय त्यात घुसवू नका.

प्रश्न : हॉटेलात जेवलो की रिव्ह्यू देतो, डॉक्टरला देतो, रिक्षावाल्याला पण स्टार देतो. पैसे मोजून सर्व्हिस घेतली तर लिहायला परवानगी कसली? उद्या मिसळवाल्याला पण विचारायचं का?

मिसळवाल्याला नका विचारू. त्याने दुकानावर पाटी लावलीय, लायसन भिंतीवर टांगलंय, आणि मिसळ तिखट होती असं तुम्ही लिहिलंत म्हणून त्याच्या मुलीला शाळेत कोणी काही बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या हिशोबाने काम करणाऱ्या, चाळिशीच्या आसपास. मोबाइलचा स्क्रीनगार्ड कोपऱ्यात तडकलेला, त्यावर इंग्रजीत एक रिव्ह्यू उघडलेला. मला वाटलं होतं त्यातल्या शरीराच्या वर्णनाबद्दल बोलायला आल्यात, ते होतंच भरपूर आणि वाचवत नव्हतं. पण त्यांनी नखाने दाखवली ती वेगळीच ओळ होती, म्हणजे गॅलरीतून पाण्याची टाकी दिसते, दारात पांढरं कुत्रं आहे आणि डाव्या गुडघ्याखाली भाजल्याची खूण आहे. 'मॅडम, ही खूण आमच्या आख्ख्या गल्लीला माहितीये, लहानपणी चुलीवर पडले होते.' घरमालकाच्या कोणा नातेवाइकाने ते वाचलं, आणि आठवड्याच्या आत खोली सोडावी लागली. रिव्ह्यू पाच स्टारचा होता बरं का, शेवटी लिहिलं होतं, जरूर भेटा.

लिहिणारा टोपणनावाने लिहितो, त्याचं गाव नाही, फोटो नाही, नोकरी नाही. जिच्याबद्दल लिहितो तिचं मात्र कामाचं नाव, फोटो, नंबर, शहर, दर आणि वर अंगावरच्या खुणा. एवढ्या तिरक्या तराजूत 'मी फक्त ग्राहक आहे' हे म्हणणं मला पटत नाही.

आणि परवानगीचा मुद्दा काही मी हवेतून आणलेला नाही. चोरून बघण्या-टिपण्याविरुद्धचं आपलं कलम, आधी आयपीसी ३५४सी आणि आता भारतीय न्याय संहितेचं ७७, त्यात स्पष्टीकरण दिलंय की बाईने फोटो काढायला होकार दिला असेल पण तो दुसऱ्यांना दाखवायला दिला नसेल, तर दाखवणं हा गुन्हा. ते कलम चित्रांबद्दल आहे, लिहिलेल्या रिव्ह्यूला ते थेट लागणार नाही हे मी वकील म्हणून स्पष्ट सांगते. पण त्यामागचा विचार तोच आहे, एका गोष्टीला हो म्हटलं म्हणजे दुसऱ्या गोष्टीला हो झालं असं नाही. ती तुम्हाला भेटायला तयार झाली, भेटीचा वृत्तांत छापायला नाही.

अजून एक, जे रिव्ह्यू लिहिणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही. एकाने लिहिलं की हिने कंडोमशिवाय चालवून घेतलं, मग ते खरं असो वा थाप, पुढचा येतो तो तेच मागत येतो. आणि नाही म्हटलं की, 'बघ हं, रिव्ह्यू खराब देईन'. याच कामातल्या ज्या दोन बायकांच्या मेल आल्याचं सुरुवातीला म्हटलं, त्या दोन्ही मेलमध्ये हे जवळजवळ याच शब्दांत आहे. रिव्ह्यूची धमकी देऊन मिळवलेला होकार हा होकारच नाही.

प्रश्न : पण अनुभव माझाही आहे ना. माझ्या आयुष्याबद्दल लिहायला मी दुसऱ्याची परवानगी का घेऊ? (लंडन)

तुमच्याबद्दल लिहा की, बिनधास्त लिहा. घटस्फोटानंतर किती एकटं वाटत होतं, जिना चढताना पाय कसे कापत होते, परत येताना ट्यूबमध्ये काय वाटलं, हे सगळं तुमचं आहे. तिचं नाव, प्रोफाइलची लिंक, एरिया आणि शरीर हे तुमचं नाही.

स्वीडनमधली बोडिल लिंडक्विस्ट यांची केस बघा. चर्चमध्ये काम करणाऱ्या या बाईंनी घरच्या कॉम्प्युटरवर एक साधं वेबपेज केलं आणि सहकाऱ्यांबद्दल हलक्याफुलक्या भाषेत लिहिलं, त्यात एकीच्या पायाला दुखापत झालीय म्हणून ती अर्धवेळ काम करते असंही होतं. लोकांना आवडलं नाही कळल्यावर त्यांनी पेज काढलं सुद्धा. तरी युरोपीय संघाच्या न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलं की इंटरनेटवर सगळ्या जगासाठी टाकलं की ते घरगुती लिखाण राहत नाही आणि पायाची दुखापत ही आरोग्याची संवेदनशील माहिती आहे. तुमच्याकडे ब्रिटनमध्ये तर जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात माणसाच्या लैंगिक आयुष्याची माहिती खास संरक्षणाच्या यादीतच आहे. जिथे पायाचं प्लास्टर चालत नाही तिथे हे कसं चालेल?

प्रश्न : आणि फसवलं तर? हॉटेलच्या बुकिंगसाठी म्हणून चार हजार ॲडव्हान्स घेतले आणि नंबर ब्लॉक. आता हिची पण परवानगी घेऊ?

नाही, इथे नको. पण 'ही' म्हणजे कोण हे तुम्हाला माहितीये का? ॲडव्हान्स घेऊन गायब होणाऱ्या अशा प्रोफाइलमागे बरेचदा कोणी एस्कॉर्ट नसतेच, कुठल्यातरी मुलीचे इन्स्टाग्रामवरून उचललेले फोटो लावून कोणीतरी भलताच बसलेला असतो. तुम्ही रागाने 'फ्रॉड बाई' म्हणून तो फोटो फिरवलात तर भलत्याच मुलीचं वाटोळं होईल. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, तीही लवकर, पैसे पुढे सरकले की अडवणं अवघड होतं. इतरांना सावध करायचं असेल तर नंबर आणि यूपीआय आयडी पुरेसा आहे, फोटो नको.

आणि ती खरंच भेटली पण मधेच थांबली, ही फसवणूक नाही. न्यूझीलंडच्या कायद्यात तर स्पष्ट लिहिलंय की करार झाला म्हणजे संमती मिळाली असं नाही आणि ती कधीही नकार देऊ शकते. पैशाचा वाद वेगळा, तो पैशाचा म्हणूनच मांडा.

प्रश्न : त्या बायका आमच्या याद्या करतातच ना? परदेशात 'अग्ली मग्ज' का काहीतरी असतं. त्या आमची परवानगी घेतात का?

नाही घेत, आणि घेऊही नये. १९८० च्या दशकात मेलबर्नमध्ये सेक्स वर्कर्सच्या संघटनेने हे सुरू केलं, ब्रिटनमध्ये २०१२ पासून नॅशनल अग्ली मग्ज देशभर चालतं. मारहाण करणारा, बळजबरी करणारा, पैसे बुडवणारा, पाठलाग करणारा, अशांची सूचना एकमेकींना द्यायची, कारण रात्री बंद खोलीत त्या माणसाबरोबर एकटीला जायचं असतं. तुमचं पोट सुटलंय किंवा तुम्ही किती वेळ टिकलात याचं त्यात काही नसतं. ती आगीची घंटा आहे. तुमचा रिव्ह्यू आणि ती यादी एकाच मापाने मोजू नका.

प्रश्न : टोपणनाव, व्हीपीएन सगळं आहे. मला काय धोका? (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन)

तुम्ही तर जिथे हा धोका खरा ठरला त्याच गावात राहता. जानेवारी २०१६ मध्ये सिएटल-बेलव्ह्यूच्या पोलिसांनी 'द रिव्ह्यू बोर्ड' नावाची साइट बंद केली आणि नियमित रिव्ह्यू लिहिणाऱ्या काही पुरुषांवर वेश्याव्यवसायाला चालना दिल्याचा गुन्हा लावला, तोही तिथला गंभीर प्रकारातला. ते सगळेही टोपणनावानेच लिहीत होते.

प्रश्न : ताई, विचारायचं तरी कसं? ऑकवर्ड होतं.

आधी तिची प्रोफाइल नीट वाचा, बऱ्याच जणी तिथेच लिहितात की रिव्ह्यू नकोत, मग विचारायचंच नाही. नसेल लिहिलं तर दुसऱ्या दिवशी मेसेज करा, खोलीत समोरासमोर नको, तिथे तिला नाही म्हणणं जड जातं. जे लिहिणार ते आख्खं तिला आधी पाठवा, 'यातलं काही काढायचं असेल तर सांगा, नको असेल तर टाकत नाही'. उत्तर आलं नाही तर ते नाहीच समजा, परत टोकू नका. एस्कॉर्ट पुरुष असो की ट्रान्स व्यक्ती, रीत हीच.

प्रश्न : मी गोव्यात एकटी काम करते, मध्ये कोणी नाही. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने माझा रिव्ह्यू टाकलाय, बिल्डिंगचं नाव आहे आणि मी त्याला पाठवलेला फोटो पण. पोलिसांत गेले तर मलाच धरतील ना?

तुमची भीती मला समजते, उगाच धीर देत नाही. पण कायदा काय आहे ते आधी ऐका. १९५६ च्या पिटा कायद्यात, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, सज्ञान बाईने स्वतःहून हे काम करणं हाच गुन्हा असं कुठेही नाही. कुंटणखाना चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं, शाळा-देवळासारख्या जागेपासून दोनशे मीटरच्या आत काम करणं, हे गुन्हे आहेत. म्हणून तुमचं घर कशाजवळ आहे ते मला आधी कळवा. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने तीन मुलींना सोडताना, हे काम करणं हाच गुन्हा नाही, हेच म्हटलं, आणि गोवाही त्याच हायकोर्टाखाली येतं. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने पोलिसांना बजावलं की सेक्स वर्करना सन्मानाने वागवा, आणि मीडियाने त्यांची ओळख उघड करू नये असंही सांगितलं. ठाण्यात गेल्यावर हे सगळं त्यांना पाठ असेलच असं नाही, म्हणून एकट्या जाऊ नका, वकील किंवा संस्थेची कोणी बरोबर घ्या.

आज रात्री एवढं करा. लिंक आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, त्याला शिव्यांचा मेसेज करायच्या आधी, कारण तो लगेच डिलीट करेल आणि पुरावा जाईल. फोटो नग्न असेल तर साइटला तक्रार करा, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे आधी तो चोवीस तासांत काढावा लागायचा, २०२६ च्या दुरुस्तीनंतर दोन तासांत काढावा लागतो. स्टॉपएनसीआयआय नावाची साइट आहे, तिथे फोटो अपलोड न करता तुमच्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्मवर तो अडवला जातो. गूगलच्या सर्चमधून काढायचा अर्ज वेगळा करावा लागतो, तोही करा. नुसत्या मजकुराचं काम जास्त चिवट आहे, पण बिल्डिंगचं नाव आणि फोटो एकत्र असल्याने तुमची बाजू भक्कम आहे. 'मी खरंच तर लिहिलंय' हा त्याचा बचाव फौजदारी बदनामीत तेवढ्यावर चालत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही त्याला दाखवावं लागतं, आणि तुमच्या बिल्डिंगचं नाव सांगण्यात कसलं लोकहित? मला पुन्हा मेल करा, पत्राचा मसुदा मी करून देते, फी नको.

प्रश्न : मी गेलो होतो तिथली मुलगी घाबरलेली वाटली, बाहेर एक माणूस बसून होता, तिचा फोन पण त्याच्याकडे होता. लोकांनी जाऊ नये म्हणून रिव्ह्यूत हे लिहू का?

लिहू नका. ११२ ला फोन करा, आणि ती अठराच्या आतली असेल अशी शंका जरी असली तरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनलाही, पत्ता, मजला, वेळ, त्या माणसाचं वर्णन, आठवेल ते सगळं सांगा. तुम्ही तिथे का गेला होतात हे विचारतील म्हणून थांबू नका. रिव्ह्यूत लिहिलंत तर ते सगळ्यात आधी तो बाहेर बसलेला माणूस वाचेल.