जात वैधता : घरात शाळेचा दाखलाच नाही

प्रश्न : आम्ही भटक्या जमातीतले. मुलगा बारावी सायन्सला आहे. मी आणि माझे वडील शाळेत गेलोच नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी वैधता प्रमाणपत्र कसं मिळवायचं?

उत्तर : आधी भावकीत विचारा. मुलाच्या सख्ख्या चुलत्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल, तर वंशावळीच्या शपथपत्रासह तेच जोडा. याहून भक्कम पुरावा नाही. नसेल तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीची नोंद शोधा : चुलत आजोबांचा शाळेचा दाखला किंवा तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. आईकडचे कागद सहसा चालत नाहीत. प्रकरणं अडकतात ती बहुधा आडनावातल्या फरकामुळे, नाहीतर दाखल्यावर गुरुजींनी नुसतं ‘हिंदू’ लिहून ठेवल्यामुळे. कागद अपुरे वाटले तर हे प्रमाणपत्र देणारी जात पडताळणी समिती आपल्या दक्षता पथकाकडून गृहचौकशी करवते, त्यात महिने जातात. म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता कॉलेजमार्फत आताच अर्ज करा. पावती जपून ठेवा.